बेलाचं पान, शिशाचा बिल्ला

पुंजारामनं तोंडानं "नाही" म्हटलं, आणि ते खोटं होतं.

प्रश्न तसा साधाच होता. नागपूरचा पाद्रीसाहेब तीन महिन्यांतून एकदा बैलांच्या दमणीत बसून अमरावतीला यायचा आणि रविवारी प्रभुभोजन ठेवायचा. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मंडळीतल्या एकेकाला पुढं बोलावून तो एकच गोष्ट विचारायचा, "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे का? असेल तर आधी त्याच्याकडे जा, समेट कर, मग ये." नाही म्हटलं की हातावर शिशाचा एक बिल्ला पडायचा, चिंचोक्याएवढा. रविवारी तो मेजावर ठेवला की भाकर आणि पेला मिळणार. बिल्ला नाही तर पंगत नाही. मंडळी म्हणजे तरी केवढी, मोजून चौदा डोकी. पण त्या चौदांत पुंजाराम पहिल्यांदाच बसणार होता.

"कोणाच्याच मनात काही नाही?" साहेबानं पुन्हा विचारलं.

"नाई जी."

बिल्ला हातावर पडला. पुंजारामनं तो घाईघाईनं धोतराच्या कनवटीला खोचला आणि मान वर न करता मागं जाऊन बसला. साहेब पुढं सांगत होता, की खोट्या मनानं जो या पंगतीला बसेल त्याच्या पोटात भाकर नाही, शिक्षाच जाईल. बाकीचे तेरा जण ऐकत होते. पुंजारामला वाटलं, साहेब आपल्याकडेच बघून बोलतोय.

आता याला एवढं भ्यायला काय झालं होतं, हे सांगायचं तर सव्वा वर्ष मागं जावं लागेल.

अमरावतीहून तीन कोसांवर, नांदगाव पेठेच्या अलीकडं, याचं गाव. घरात थोरला भाऊ जानराव, त्याची बायको कौशल्या आणि हा. याची स्वतःची बायको पटकीनं गेली, तेव्हापासून याचं मन घरात लागेना. कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजाराला आला की हा मोरोपंतांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. मोरोपंत म्हणजे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. पोरांना शिकवायचे, आणि साहेब नसला की उपासना तेच चालवायचे. त्यांचं ऐकता ऐकता पुंजाराम मनातून ख्रिस्ती झाला, पण डोक्यावर पाणी घ्यायची काही छाती होईना. जानरावला सांगणार कोण? जानराव म्हणजे नुसतं आग्यामोहोळ.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळं कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि इकडं वऱ्हाडातल्या लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जानरावच्या अंगणात पहिल्या वेचणीच्या कापसाची गंजी माणसाच्या डोक्यावर गेली होती. घरात पूजेची तयारी चाललेली. मूर्तीपुढं हात जोडायचे नाहीत, असं पुंजारामनं मनाशी ठरवलं होतं, आणि तसं उघड म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून हा शहाणा गंजीमागं जाऊन चिलीम ओढत लपून बसला. घ्या! धर्म पाळायला गेला आणि घर जाळून बसला. कौशल्येनं हाक मारली, "भाऊजी, आरतीले या!" तसा हा घाबरून मागच्या फाटकातून पळाला, आणि पळताना चिलीम हातातून निसटली.

तासाभरात सगळा कापूस गेला. गोठ्यातला एक बैल होरपळून मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावनं त्याला बाजूला घेतलं. "तू गंजीपाशी होता काय बे?"

"नाई."

"बेल उचलशील?"

"उचलतो."

महादेवाच्या पिंडीवरचं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बेल उचलून कोणी खोटं बोलत नाही. पण पुंजारामनं मनात हिशोब वेगळाच मांडला. दगड तो दगड. ज्या देवाला आपण मानतच नाही, त्याच्यापुढची शपथ आपल्याला कशी बांधेल? आणि पंचांसमोर बेल उचलून तो म्हणाला, "मी गंजीपाशी गेलो नाई."

मग आग लागली कशी? पंचांचा म्होरक्या नत्थुजी म्हणाला, बाईनंच गंजीपाशी पणती ठेवली असंल. कौशल्या कळवळून सांगत होती, की पणती तुळशीपाशी होती. पण तिला कोण विचारतो? बाईच्या हाती बेल द्यायला पंच तयार नव्हते. जानरावनं त्याच दिवशी तिला गाडीत घातलं आणि पेठेला, तिच्या माहेरी, नेऊन सोडलं. ती अजून तिथंच होती.

पुढं वैशाखात पुंजारामनं बाप्तिस्मा घेतला. जानरावनं भाऊ मेला म्हणून आंघोळ केली. तेव्हापासून पुंजाराम अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गठाणी उचलत होता, आणि वैनीची आठवण आली की दुसऱ्या गठाणीला हात घालत होता.

शनिवारची मंडळी पांगली तसा तो मोरोपंतांच्या मागं मागं गेला आणि ओट्यावर बिल्ला ठेवून सगळं भडाभडा ओकला. शेवटी म्हणाला, "पंत, तसं पायलं तं मी खोटं नाई बोललो. दादाले ठाऊकच नाई. मंग त्याच्या मनात माह्याविषयी काही असंलच कसं?"

मोरोपंतांनी चष्मा काढला. "वा! वकील व्हायचास तू. आणि बेलाचं काय?"

"थो तं दगड हाये. तुमीच म्हनता."

"दगड आहे. दगडाला काय कळतंय? पण पुंजाराम, तो बेल दगडासाठी नव्हता. त्या बेलावर विश्वास टाकणारा तुझा भाऊ समोर उभा होता. तू त्याच्याशी खोटं बोललास. आणि एका बाईला घरातून उठवलंस."

पुंजारामनं बिल्ला पंतांकडं सरकवला. "दादा मले मारून टाकील, पंत."

"टाकीलही," मोरोपंत म्हणाले. त्यांना खोटा धीर द्यायची सवय नव्हती. "मी साहेबांना काही सांगत नाही. सांगायचं ते तुझं तू सांग. उद्या दिवस कलताना उपासना आहे. बिल्ला घेऊन जा. यायचं तर खरा होऊन ये."

रविवारी तांबडं फुटताच तो निघाला. समोरून कापसाच्या गाड्याच गाड्या येत होत्या. एका ओळखीच्या गाडीवाल्यानं हाळी दिली, "काय पुंजा, गावाकडं? भावानं बोलावलं काय गा?" पुंजाराम उगाच हसला, आणि गाडी पुढं गेल्यावर माघारी फिरला. शंभर पावलं गेला, परत गावाकडं वळला. असं तीनदा झालं. एकदा तर बाभळीखाली बसूनच राहिला. जावं तर जानराव आहे, न जावं तर ती भाकर आहे. दोन्हीकडून मरण! एकदा मनात आलं, सरळ अकोल्याकडं निघून जावं, तिकडं आगगाडीच्या कामावर माणसं लागतात, कोण कोणाला ओळखतं? पण कनवटीचा बिल्ला कमरेला टोचत होता. तो जीव मुठीत धरून उठला.

जानराव अंगणात नव्या गंजीवर ताडपत्री ओढत होता. यंदाही कापूस चांगला होता. पण घर ओसाड वाटत होतं. त्या आगीपासून जानरावनं घरात चूलच पेटू दिली नव्हती. शेजारच्या म्हातारीकडून भाकरी आणून खायचा. वाळलेला, गालफडं बसलेला भाऊ पाहून पुंजारामला रडायला आलं.

"काऊन आला?" जानराव गुरगुरला.

"दादा, सांगाचं हाये."

"तथूनच बोल. फाटकाच्या आत पाय ठेवू नको."

पुंजारामला वाटलं होतं, काहीतरी वळणावळणानं सांगावं. पण फाटकाबाहेरून लांब बोलणं जमणारच नव्हतं. तो म्हणाला, "त्या दिवशी गंजीमागं मी होतो. चिलीम माही होती. बेल म्या खोटा उचलला."

जानरावच्या हातातली दोरी सुटली. तो वळला आणि घरात शिरला.

कुऱ्हाड आणायला गेला. दुसरं काय आणणार? पुंजारामला कुऱ्हाडीची जागासुद्धा माहीत होती, दाराआडच्या खुंटीला. पळ, पुंजा, पळ, असं सगळं अंग सांगत होतं, आणि पाय काही जागचे हलत नव्हते. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. प्रार्थना आठवेना. नुसतं "बापा, बापा" म्हणत राहिला.

"डोये उघड."

जानरावच्या हातात कुऱ्हाड नव्हती. मातीची एक काळीठिक्कर चिलीम होती, गळ्याला पितळी तार गुंडाळलेली. ती तार पुंजारामनंच गुंडाळली होती.

"दुसऱ्या दिवशी राखीत सापडली," जानराव म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "कोनाले दाखवली नाई. तुले फासावर चढवाचं नोतं मले. म्हून तं इचारलं, बेल उचलशील काय? मले वाटलं, बेल म्हटल्यावर तू खरं बोलशील. तू तं उचलला! मंग म्या म्हटलं, बेल खोटा नाई बोलत, माहे डोयेच खोटे असतीन. चिलीम कोनी चोरून नेली असंल. बायकोले हाकललं म्या, पर तुह्या बेलाले खोटं नाई पाडलं बे!"

आणि त्यानं एक अशी ठेवून दिली, की पुंजाराम फाटकाबाहेर धुळीत जाऊन पडला. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

"ऊठ. मले काय सांगून राहिला? जिले सांगाचं तिले सांग."

पेठ तिथून कोसभर. जानराव मागं आणि पुंजाराम पुढं. पाठीमागच्या वहाणांचा आवाज थांबला की पुंजारामच्या मानेवर काटा यायचा.

कौशल्या माहेरच्या ओसरीवर सरकी निवडत बसली होती. ती उठली नाही. पुंजाराम अंगणात उभा राहून सगळं बोलला. आत तिची आई, मैनाबाई, दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. कौशल्येनं मात्र हातातली सरकी संपवली आणि मग वर पाहिलं.

"आज काऊन सांगून राहिले, भाऊजी? सव्वा वर्ष झोप लागली होती काय?"

इथं खोटं बोलायची त्याची बिशाद नव्हती. त्यानं बिल्ला काढून दाखवला. "आज आमची देवाची पंगत हाये, वैनी. ज्याच्या भावाच्या मनात काही हाये, त्यानं आंधी समेट कराचा, मंग बसाचं. म्या खोटं बोलून हा घेतला. मले लय भेव लागून राहिलं."

"म्हंजे तुमाले जेवाचं हाये, म्हून आले." कौशल्या हसली, पण ते हसू बघून पुंजारामला जानरावची चपराक बरी वाटली. "म्या सव्वा वर्ष भावजयीच्या हातची भाकर मान खाली घालून खाल्ली. सनासुदीले मले पणतीले हात लावू नाई देत इथं. माहीत हाये तुमाले?"

पुंजारामनं नाही म्हणून मान हलवली.

"ठेवा थो बिल्ला ओट्यावर."

त्यानं ठेवला. बाटलेल्या माणसाच्या हातून कोणी काही घेत नसे, हे त्याला सवयीचं झालं होतं. तिनं ओट्यावरून बिल्ला उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. "बेल जथं उचलला, तथं उभं राहा. त्याच मानसांइपुढं सांगा, खोटा होता म्हून. मंग बिल्ला नेजा."

मग ती नवऱ्याकडे वळली. "आन तुमी. भाऊजीनं बेल तरी उचलला. तुमी तं मले काही न इचारताच गाडीत घातलं."

जानराव, ज्याच्या आवाजानं बैल बिचकायचे, तो खाली बघून म्हणाला, "हो वं. चुकलं माहं." एवढंच. पण तेवढं बोलायला त्याला फार वेळ लागला.

महादेवाच्या देवळापाशी तिघं पोचेस्तोवर दुपार झाली होती आणि गावभर बातमी झाली होती. पंच पारावर येऊन बसले होते. बायका भिंतीआड उभ्या होत्या. ख्रिस्ती माणसाला देवळाची पायरी चढू देणार नव्हतेच, आणि पुंजारामलाही ती चढायची नव्हती. ख्रिस्ती होऊन परत देवळात गेला, असं कोणी साहेबाला सांगितलं तर? इथं बोललं तर गाव मारील, आणि तिथं कळलं तर साहेब मंडळीतून काढील. पंतांनी सुद्धा देवळाचं काही सांगितलं नव्हतं. तो खालच्या पायरीपाशी उभा राहिला, आणि ज्याला आपण दगड म्हणत होतो त्याच्यापुढं आपल्याला एवढी भीती का वाटते, हे त्याचं त्यालाच कळेना. मग त्यानं बाजूला पाहिलं. जानराव उभा होता, तसाच, त्या दिवशीच्याच जागी. तेव्हा त्याला पंतांचं बोलणं नीट कळलं.

"बोल बे," नत्थुजी म्हणाला.

"त्या दिवशी म्या बेल खोटा उचलला. गंजीले आग माह्या चिलमीनं लागली. वैनीची पणती तुयशीपाशीच होती."

पारावर चार माणसं उठून उभी राहिली. मग कोणीतरी ओरडलं, "महादेवाचा बेल इटाळला भाड्यानं!" आणि एक दगड भिरभिरत आला. पुंजारामच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. दुसऱ्या डोळ्यानं त्याला दिसलं, आणखी दोघातिघांनी वाकून दगड उचलले होते. संपलं, असं त्याला वाटलं. त्यानं हात वर केले नाहीत. हात वर करायचंही सुचलं नाही.

जानराव त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. "खबरदार! याले माराचं असंल तं मी मारीन. माहा भाऊ हाये थो."

हातातले दगड हातातच राहिले. नत्थुजी खाकरला, पागोटं सारखं केलं, आणि कौशल्येकडे न बघता पुटपुटला, "बाई, पंचाइतीचं चुकलं."

"मोठ्यानं बोला, नत्थुजी," कौशल्या म्हणाली. "तवा मोठ्यानं बोलले होते."

त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

मग ती पुंजारामपाशी आली. पदराची गाठ सोडायला तिला जरा वेळ लागला, फार घट्ट मारली होती. पुंजारामनं सवयीनं हात खाली केला, म्हणजे तिनं वरून टाकावा आणि त्यानं झेलावा. पण तिनं त्याचा हात धरला, बिल्ला तळव्यावर ठेवला आणि बोटं मिटली. सगळ्या गावासमोर. भिंतीआडून एक बाई "अगं बाई!" म्हणाली.

"वैनी," पुंजाराम रडत म्हणाला, "तुमच्या मनात आता..."

"हाये," कौशल्या म्हणाली. "थोडं हाये अजून. थे एका दिवसात नाई जात. पर तुमाले जाऊ नको म्हनन्याइतकं नाई. तथं कोनी इचारलं तं सांगजा, वैनीनं धाडलं म्हून. आता पया, पंगत उठून जाईन."

तो निघाला. तीन कोस वाट होती आणि दिवस कलायला लागला होता. रक्त पुसायलाही थांबला नाही. शेतांमधल्या पांदीच्या टोकाला पोचल्यावर त्यानं एकदा वळून पाहिलं. जानरावच्या घरावरून धूर निघत होता. आग! परत आग! त्याच्या घशातून ओरड निघाली, आणि तो गावाकडं पंधरावीस पावलं धावलासुद्धा. मग त्याला दिसलं, की धूर पातळ आहे, निळा आहे, स्वयंपाकघरावरच्या कौलांतून सावकाश वर चढतो आहे.

वैनीनं चूल पेटवली होती.

पुंजाराम तिथंच मटकन खाली बसला, आणि बसल्या बसल्या पोटभर रडून घेतलं. मग बिल्ला मुठीत आवळून तो अमरावतीच्या दिशेनं पळत सुटला.